आटे सोडून माप

आमच्या घरात पिस्तूल आलं ते विहिरीच्या नियमाने आलं.

सांगते. पिंपळवंडीला आमचा द्राक्षाचा एक तुकडा आहे. शेजारी भगवंतभाऊंचं शेत. मधे विहीर, अर्धी त्यांची, अर्धी आमची. तीन दिवस त्यांची मोटर चालते, तीन दिवस आमची, सातव्या दिवशी विहिरीला सुट्टी. या पाळीवरून आजवर भांडण झालेलं नाही. म्हणजे झालं, पण गावात सांगण्याएवढं नाही.

नारायणगावात आमचं पाइपांचं दुकान. ठिबक, पीव्हीसी, लोखंडी, नळ, सॉकेट, एल्बो, जे पाहिजे ते. मालक नेमीचंद, माझे मिस्टर. सगळा गाव त्यांना शेठ म्हणतो म्हणून मीही शेठच म्हणते, कारण 'अहो' म्हटलं तर त्यांना ऐकू येत नाही. माझी नात खुशबू आणि भगवंतभाऊंची नात संस्कृती एका वर्गात शिकल्या, आणि दोघींना एकदमच नेमबाजीचं खूळ लागलं. वारूळवाडीला सुदर्शन सरांनी टोमॅटोच्या बंद पडलेल्या पॅकिंग शेडमध्ये रेंज काढली आहे. दहा मीटरवर कागद लावायचा, हवेच्या पिस्तुलाने छर्रा मारायचा, आणि मग तासभर त्या भोकाकडे बघत बसायचं. असा तो खेळ.

आता आमच्या घरात पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत. मुंगी दिसली तर फुंकर मारून तिला वाट करून देतात. त्या घरात पिस्तूल! मी तडक आमच्या जैन स्थानकात गेले आणि साध्वीजींना विचारलं. त्यांनी विचारलं, "कागदावर काय काढलेलं असतं?" मी म्हटलं, "काळं वर्तुळ." "पशू, पक्षी, माणूस?" म्हटलं, "काही नाही." मग त्या म्हणाल्या, "वर्तुळावर राग धरू नको म्हणावं तिला." तेवढ्यावर माझी संमती झाली. चामड्याचे बूट मात्र मी घालू दिले नाहीत, कापडी घे म्हटलं.

चांगलं पिस्तूल परदेशातून येतं. ते अख्खं घ्यायची ना आमची तयारी, ना भगवंतभाऊंची. ते एक दिवस दुकानात येऊन बसले, चहा प्यायले आणि म्हणाले, "शेठ, हीर जमली आपल्याला. मग ह्ये काय जड हाय?" झालं. सोम, मंगळ, बुध पिस्तूल पिंपळवंडीला. गुरु, शुक्र, शनि नारायणगावला. रविवारी सरांच्या कपाटात सुट्टी.

असं सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. तेवढ्यात पुण्याचं शिबिर आलं. वर्षभर तिथंच राहायचं, तिथंच शिकायचं, आणि जुन्नर-आंबेगावकडच्या क्लबांतून एक मुलगी घेणार. एकच. निवड मंचरला व्हायची होती. पुढच्या वर्षी दोघींचं वय उलटणार होतं, म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. खुशबूला जायचं होतं. किती, ते मी रोज बघत होते. पोरगी पोळी लाटतानासुद्धा मधेच थांबायची, उजवा हात लांब करायची, श्वास धरायची. तेवढ्यात पोळी करपायची.

निवडीच्या आधी सरांनी एक सराव सामना घेतला. त्यात संस्कृती मागे पडली. भगवंतभाऊंना कारण लगेच सापडलं.

"नळी आखूड हाय," ते म्हणाले.

नाचता येईना, अंगण वाकडं, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण विहीर सामाईक आहे.

"अवो भाभी, चुलीची फुंकणी बघा," ते मला समजावत होते. "लांब फुंकणी आसली का जाळ कसा धडाडतो. आखूड फुंकणीनं निस्ता धूर. छर्र्याला रेटा मिळाया नको व्हय?"

यावर शेठ हसले. शेठ वर्षातून दोनदा हसतात, त्यातलं हे एक. "भाऊ," ते म्हणाले, "पाइप जेवढा लांब, तेवढं पुढं प्रेशर कमी. तुमच्या शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही म्हणून तुम्हीच भांडायला आला होता ना माझ्याकडं? नळी आखूडच पाहिजे. मी तर म्हणतो, आहे त्याच्यातलीच थोडी कमी करा."

एकाची फुंकणी, एकाचं ठिबक, आणि बोलतात कशावर, तर पिस्तुलावर. खुशबू आणि संस्कृती दोघी कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

भगवंतभाऊंनी कुठून तरी शोधून एका कारागिराकडून वाढीव नळी मागवलीच. मूळ कंपनीची नाही, पण त्याच पिस्तुलाला बसणारी. नळी आली, तिचं पुढचं भोक असलेलं टोपण मात्र मागाहून कुरिअरने यायचं होतं. मग दोघांनी ठरवलं की एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. सरांकडे छर्र्याचा वेग मोजायचं यंत्र होतं, ते त्यांनी आणलं. आमच्या दुकानातला पाइप आवळायचा व्हाइस शेडमध्ये नेला. जबड्यात रबराचे वायसर घालून पिस्तूल त्यात धरलं, म्हणजे माणसाच्या हाताचा संबंधच नको.

आधी मूळची आखूड नळी. मग लांब. लांब नळीचा वेग जास्त भरला, पण थोडासाच. भगवंतभाऊंनी मांडीवर थाप मारली. "बघा राव! फुंकणी!"

"नेम बघा," शेठ म्हणाले.

कागद काढून आणले. आखूड नळीचे सगळे छर्रे एका भोकातून गेले होते. लांब नळीचेही सगळे एका भोकातून गेले होते. दोन्ही कागद एकमेकांवर धरले तर पलीकडचा उजेड दिसत होता.

"म्हणजे कोणती चांगली?" शेठनी विचारलं.

सुदर्शन सर शांत माणूस. ते म्हणाले, "शेठ, लांब नळीत हवा छर्र्याला थोडा जास्त वेळ ढकलते, म्हणून वेग वाढतो. पण छर्रा आत राहतो तेवढ्या वेळात हात हलला, तर नेमही हलतो. उलट लांब नळीने पुढं वजन येतं, त्यामुळं हात कमी हलतो. पुढची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, डोळ्यापासून लांब जाते, त्यामुळं चूक लवकर दिसते."

"म्हंजी?" भगवंतभाऊ.

"म्हणजे इकडून कमावलं ते तिकडून गेलं. दहा मीटरवर कागदाला भोक पाडायला दोन्हींचा वेग पुरतो. नेम हातात आहे."

हे उत्तर दोघांपैकी कोणालाच आवडलं नाही. म्हणून दोघांनीही ते आपल्या बाजूने लागलं असं धरलं. संस्कृतीला लांब नळी हातात बरी वाटली, खुशबूला आखूड. मग पाळीप्रमाणे नळी बदलायला लागली. बुधवारी संध्याकाळी लांब काढायची, आखूड लावायची. रविवारी पुन्हा उलटं. दरवेळी माशी नव्याने जुळवायची. एक ना धड, भाराभर चिंध्या.

सरांनी एक गोष्ट मात्र बजावली. सामन्याआधी पिस्तूल एका ठरावीक मापाच्या पेटीत घालून बघतात. पेटीत बसलं तर आत, नाही बसलं तर बाहेर. त्यांच्याकडे तशी पेटी नव्हती, पण माप त्यांनी सांगितलं. "लांब नळी लावल्यावर भरेल ना त्यात? नीट मोजून घ्या."

मोजायचं म्हटल्यावर सगळ्यांनी शेठकडे पाहिलं. अख्ख्या तालुक्यात शेठच्या मापाला कोणी पुन्हा टेप लावत नाही. शेठनी पिस्तुलाचं धड मोजलं, नळी मोजली, बेरीज केली आणि म्हणाले, "बसतंय. वर बोटभर जागा राहते." सरांनी नंतर दोनदा विचारलं, माप घेतलं ना? दोन्ही वेळेला सगळे म्हणाले, शेठनी घेतलंय. तिथं विषय संपायचा.

निवडीच्या दिवशी आम्ही सगळे भगवंतभाऊंच्या पिकअपमधून मंचरला गेलो. पुढं ते आणि शेठ, मागं सतरंजी टाकून मी, दोघी पोरी आणि मांडीवर पिस्तुलाची पेटी. पोरी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून गाणी ऐकत होत्या. एकीच्या कानात इअरफोनचं एक बोंड, दुसरीच्या कानात दुसरं. एकच जागा आहे, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही.

कॉलेजच्या हॉलमध्ये तपासणीचं टेबल होतं. खुशबूची पाळी आधी, संस्कृतीची तिच्या मागून, कारण पिस्तूल एकच. टेबलावर एक बाई होत्या. त्यांनी आधी आखूड नळीचं पिस्तूल पेटीत ठेवलं. बसलं. मग सरांनी नळी बदलून दिली. बाईंनी पिस्तूल पुन्हा पेटीत ठेवलं. मागून मूठ टेकली, पुढून टोपण वर राहिलं. त्यांनी जरा तिरकं करून बघितलं. वर राहिलं.

"नाही चालणार," बाई म्हणाल्या. "मारायचं तर आखूड नळी लावून मारू दे."

"अवो, न्हाई कसं? माप घेतलंया," भगवंतभाऊ म्हणाले. "शेठनी घेतलंया."

शेठ पुढं झाले. खिशातून टेप काढली, मोजलं, आणि मोजता मोजता त्यांचा चेहरा उतरला. मला तेव्हाच कळलं, काहीतरी वंगाळ झालं. त्यांनी नळी आटे, म्हणजे टोकाचे पेच, सोडून मोजली होती. पाइपाच्या धंद्यात तशीच मोजतात. आटे सॉकेटात जातात, ते लांबीत धरायचे नसतात. मागच्या टोकाचे आटे पिस्तुलाच्या धडात जातात, ते सोडले ते बरोबर. पण पुढच्या टोकालाही आटे होते, आणि ते कशातच जात नव्हते. त्यांच्यावर टोपण बसत होतं. शेठनी सवयीने दोन्हीकडचे सोडले. टोपण तर तेव्हा आलंच नव्हतं, आणि आल्यावर पुन्हा कोणी टेप लावली नाही.

शेठनी हे सगळं तिथं उभं राहून सांगितलं. खरं ते सांगितलं. पण ऐकायला कसं वाटत होतं, ते तुम्हीच बघा. नळी भगवंतभाऊंची. पोरगी भगवंतभाऊंची. माप आमचं. आणि बाहेर पडलेली नळी आमच्या पोरीची नव्हे, त्यांच्या पोरीची.

भगवंतभाऊंनी शेठकडे एकदा पाहिलं आणि ते बाहेर जाऊन पिकअपचं बॉनेट उघडून उभे राहिले. गाडीला काही झालेलं नव्हतं. शेठ तिथंच खुर्चीवर बसले. हातातली टेप ते नुसती उघडत होते, मिटत होते. मला त्यांची दया आली आणि त्यांचा रागही आला, की एवढं मोठं आयुष्य मापात घालवून नेमकं आजच!

खुशबू आत गेली. आम्ही काचेमागून बघत होतो. आखूड नळी, रोजचीच. ती छान मारत होती. मला आता त्यातलं कळतं. पाठ बघितली तरी कळतं, छर्रा कुठे गेला. सर हळूच म्हणाले, "आजवरचा हिचा सगळ्यात चांगला स्कोअर आहे." माझं काळीज सुपाएवढं झालं. मनात म्हटलं, संस्कृतीला आता या आखूड नळीची सवय राहिलेली नाही, आज ती काही हिच्या पुढं जात नाही. वाईट वाटत होतं का? वाटत होतं. पण आनंद त्याहून जास्त होता, आणि तो लपवायला मी तोंडाला पदर लावला होता.

खुशबू बाहेर आली. अंगावरचा घामही न पुसता ती पिस्तूल घेऊन संस्कृतीजवळ गेली आणि दोघी भिंतीला टेकून खाली बसल्या. मी जवळच होते. खुशबू सगळं सांगत होती. सगळं म्हणजे सगळं.

"पुढं हलकं लागेल तुला. हात पटकन वर जाईल, जाऊ दे, मग सावकाश खाली आण. माशी मी जुळवलीय, पण तुला डावीकडं जाईल. तिचा स्क्रू दोन टिचक्या उजवीकडं घे. आणि चाप दाबला की लगेच हात सोडू नको. लांब नळीला तू सोडत नाहीस ना, तसंच. छर्रा गेला तरी धरून ठेव."

मी डोळे मोठे केले. मी खोकले. मी म्हटलं, "खुशबू, पाणी पी आधी." ती म्हणाली, "दादी, दोन मिनिटं." आणि पुन्हा सांगायला लागली. एवढं कोणी सख्ख्या बहिणीला सांगत नाही. स्वतःच्या पायावर धोंडा पाडायची ही कुठली रीत? मी मनातल्या मनात तिला नाही नाही ते बोलून घेतलं.

संस्कृती आत गेली. आधीचे सरावाचे छर्रे इकडं तिकडं गेले. मग तिने माशीला दोन टिचक्या दिल्या. त्यानंतर ती पोरगी जी उभी राहिली, ती मी कधी पाहिली नव्हती. हात वर, हात सावकाश खाली, आणि छर्रा गेल्यावरही तसाच. भगवंतभाऊ केव्हातरी बॉनेट लावून परत आले होते आणि शेठच्या शेजारी उभे होते. दोघांच्यामध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती.

निकाल लागला. संस्कृती दोन गुणांनी पुढं.

दोन गुण. बास. मी खाली बसले.

भगवंतभाऊ शेठकडे वळले. म्हणाले, "शेठ, मी मनात लई वाईट बोललो तुमाला."

"मी पण बोललो," शेठ म्हणाले. "तुम्हाला नाही. मला."

मग दोघं पिस्तुलाची पेटी एका बाजूने एक, दुसऱ्या बाजूने एक अशी धरून गाडीकडं गेले. पेटी एका हाताने उचलता येते.

परतताना कळंबला चहाला थांबलो. सूर्य खाली आला होता. माझा चोविहार असतो, सूर्य मावळल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत पाणीसुद्धा नाही. म्हणून मी आधी हॉटेलवाल्याकडून ग्लास मागून घेतला, घरून आणलेलं उकळलेलं पाणी त्यात ओतलं. पुरुष टपरीपाशी होते, संस्कृती घरी फोन लावून आईशी बोलत होती, हसत होती आणि रडतही होती. खुशबू पिकअपमागे एकटी उभी होती. मी ग्लास घेऊन तिच्याकडे गेले, कारण माझ्याच्याने आता राहवत नव्हतं.

"का सांगितलंस गं तिला? काय गरज होती?"

"दादी, माप दादाजींचं चुकलं."

"मुद्दाम नाही चुकवलं!"

"मला माहीत आहे. पण मी न सांगता जिंकले असते तर लोक म्हणाले असते, शेठनी नातीसाठी दुसऱ्याच्या पोरीची नळी बाहेर काढली. भगवंत आजोबा म्हणाले असते. उद्या दुकानात कोणी माप विचारायला आलं असतं का?" ती पिकअपच्या पत्र्यावर बोट घासत होती. "आणि मलापण कधी कळलं नसतं ना. मी जिंकले, का नळी."

"मग कळलं का आता?" मी रागानेच विचारलं.

"कळलं. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. नळी कुठलीही लावा."

हे तिने अगदी सरळ सांगितलं, दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगतात तसं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीने एवढं शहाणं असू नये, असं मला वाटलं. अजूनही वाटतं. मी वळणार तेवढ्यात तिने माझा पदर धरला.

"दादी," ती म्हणाली, "पण मला जायचं होतं गं."

आणि ती रडायला लागली. लहान असताना ताप यायचा तेव्हा रडायची, तशी, तोंड उघडं टाकून, लाज न धरता. मी तिला जवळ घेतलं. एका हातात ग्लास होता, दुसऱ्या हातात ती. हातातलं पाणी सांडू नये म्हणून मी ग्लास पिकअपच्या पत्र्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तिला धरलं. ती बराच वेळ रडली. मी गप्प बस म्हटलं नाही. कशाला गप्प बसायचं? तिचंच खरं होतं, तिला जायचं होतं.

डोळे पुसून तिने वर पाहिलं तेव्हा टपरीवरचे दिवे लागले होते. "दादी, तुझं पाणी," ती म्हणाली.

मी डोंगराकडे पाहिलं. सूर्य गेला होता.

"राहू दे," मी म्हटलं, आणि ग्लास रस्त्याकडेच्या झाडाला ओतला. त्या रात्री मला फार तहान लागली होती.